फील्डमार्शलांची लोकशाही

राजकारणाविषयी मनस्वी तिटकारा असणे ही सेनापतीच्या राजकारणप्रवेशाची पहिली पात्रता होय, आणि पाकिस्तानच्या अयूबखानसाहेबांपाशी ती विपुल होती. १९५४ साली सरसेनापतिपद न सोडता संरक्षणमंत्रिपदही पत्करून त्यांनी हा तिटकारा प्रथम आवरला. पुढे ७ ऑक्टोबर १९५८ रोजी अध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी राज्यघटना रद्द करून लष्करी अंमल पुकारला आणि त्याची मुखत्यारी मोठ्या विश्वासाने खानसाहेबांच्या हवाली केली, तेव्हा त्यांनी अवघ्या वीस दिवसांत खुद्द मिर्झासाहेबांनाच पदच्युत करून विलायतेची वाट दाखविली.

पुढाऱ्यांना फर्मान काढून घरी बसविल्यावर लोकमत अजमावणे फारसे अवघड राहत नाही. एवढ्या अफाट रयतेला मतदानाची तोशीस कशाला, अशा कनवाळू विचाराने खानसाहेबांनी ‘मूलभूत लोकशाही’ निर्माण केली आणि अध्यक्ष ठरविण्याचा भार ८०,००० प्रतिनिधींवर सोपविला. फेब्रुवारी १९६० मध्ये या मंडळींना विचारण्यात आले ते इतकेच, की फील्डमार्शल अयूबखान यांच्यावर आपला विश्वास आहे काय? प्रतिस्पर्धी कोणी नव्हताच. शेकडा ९५हून अधिक मते होकाराची पडली. आम्हांस कौतुक वाटते ते उरलेल्यांचे, कारण कवायतीच्या मैदानावर हुकूम कानी पडूनही जागचे न हलणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

१९६२ साली खानसाहेबांनी देशास स्वतःची राज्यघटना बहाल केली, राजकीय पक्षांवरील बंदी उठविली आणि ज्या पक्षोपक्षांच्या सुंदोपसुंदीमुळे देश रसातळाला गेला असे ते सांगत आले होते, त्यांपैकीच एका मुस्लिम लीगचे अध्यक्षपद यथावकाश भूषविले. जानेवारी १९६५ च्या निवडणुकीत त्यांची निशाणी गुलाबाचे फूल आणि सत्तरी ओलांडलेल्या फातिमा जिना यांची कंदील. कराची आणि ढाका ही दोन्ही मातबर शहरे कंदिलामागे गेली, तरी प्रतिनिधींच्या बेरजेत गुलाबच टवटवीत राहिला.

१९६९ च्या मार्चमध्ये रस्तोरस्ती उसळलेल्या असंतोषापुढे पद सोडण्याची वेळ आली. त्यांच्याच घटनेप्रमाणे सूत्रे विधिमंडळाच्या सभापतीकडे जावयाची होती. खानसाहेबांनी ती सरसेनापती याह्याखानांच्या हाती दिली आणि नव्या धन्यांनी त्याच दिवशी ती घटनाच रद्दबातल केली, जेणेकरून माजी अध्यक्षांवर घटनाभंगाचा ठपका ठेवण्याची सोय राहू नये.