बँकॉक का थिंफू?

थिंफूला चाललोय म्हटलं की सोसायटीतले लोक आदराने मान हलवतात. बँकॉकला चाललोय म्हटलं की आवाज खाली आणून विचारतात, "सहकुटुंब?" आणि 'हो' म्हटल्यावर त्यांचा रस संपतो. एक शहर डोंगरातलं, बुद्धाचं, देशाच्या उत्पन्नाऐवजी सुखाचा हिशेब ठेवणारं. दुसरं रात्रभर जागणारं, आणि का जागतं ते विचारायचं नाही. दोन्हीकडे जाऊन आल्यावर माझं ठाम मत झालंय की ही कीर्ती वाटताना कुणीतरी पाकिटांची अदलाबदल केली आहे.

विषय निघाला आमच्या साडूंमुळे. साडू कोल्हापूरचे, बँकेतून निवृत्त. सोबत मेहुणी आणि ऐंशीकडे झुकलेल्या मातोश्री. "साडूभाऊ, एका शब्दात सांगा. बँकॉक का थिंफू?" एका शब्दात सांगता आलं असतं, तर आजवर मी एवढी शाई कशाला नासली असती?

पैशापासून सुरुवात केली, कारण साडू तिथूनच करतात. भूतान आपल्याला खेटून. तिथलं न्गुलत्रुम रुपयाच्या बरोबरीचं, रुपयाही चालतो. पासपोर्ट नसला तर आपल्याला मतदार ओळखपत्रावर आत घेतात. मतदानाच्या दिवशी हमखास महाबळेश्वरला असणाऱ्या साडूंना त्या कार्डाचा आयुष्यात प्रथमच उपयोग दिसला. मग मी शाश्वत विकास शुल्काचं सांगितलं. भारतीय पर्यटकाला माणशी, दर रात्री 1,200 रुपये. हॉटेल आणि जेवण वेगळं.

"म्हणजे नुसतं झोपायचे?"

"नुसतं झोपायचे."

तिघांचे पाच रात्रींचे 18,000 त्यांनी तोंडी काढले. थोडा वेळ गेला. "आणि रात्र जागून काढली तर?" त्यासाठी बँकॉक आहे, असं मी म्हणणार होतो, पण फोन स्पीकरवर होता.

शिवाय थिंफूला स्वतःचा विमानतळ नाही. विमान उतरतं पारोला, तिथून पन्नासेक किलोमीटर मोटारीने. ते उतरणंही साधं नाही. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून चिंचोळी दरी. विमान तिरकं होतं तेव्हा खिडकीतून खाली नाही, समोर घरं दिसतात. एका घराच्या पत्र्यावर लाल मिरच्या वाळत घातलेल्या मी विमानातून पाहिल्या. मोजक्याच वैमानिकांना इथे उतरण्याची परवानगी आहे, तीही दिवसाउजेडी. आमच्या मागच्या रांगेतले काका मुंबईहून निघाल्यापासून चहाबद्दल तक्रार करत होते, ते त्या वळणावर अथर्वशीर्ष म्हणू लागले.

थिंफू 1961 पासूनची राजधानी, म्हणजे आपल्या महाराष्ट्र राज्याहून एका वर्षाने धाकटी. 2017 च्या जनगणनेत वस्ती सव्वा लाखाच्या आत. शहरात एकही सिग्नल नाही. एकदा बसवला होता, पण लोकांना तो फार रुक्ष वाटला, म्हणून काढून टाकला. आता नोर्झिन लाम रस्त्याच्या चौकात, रंगीत नक्षीकामाच्या छत्रीखाली, पांढरे हातमोजे घातलेला पोलीस उभा असतो. त्याचे हात बघत राहावं. बोटं जुळवून मनगट असं वळवतो की गाडीला थांबायचा हुकूम नाही, आर्जव वाटतं. गाड्या थांबतात. हॉर्न नाही. पुण्याहून आलेल्या आमच्या गटाला त्या शांततेत इतकं अवघडल्यासारखं झालं की दोघांनी उगीचच खोकून घेतलं.

साडूंना मी जेवणाबद्दल सावध केलं. तिथला राष्ट्रीय पदार्थ एमा दात्शी. एमा म्हणजे मिरची आणि दात्शी म्हणजे चीज. "तिखटाचं कोल्हापूरकराला सांगताय?" साडू हसले. तरीही सांगितलं. आपल्याकडे रश्श्यात मिरची असते, पण ती मसाला म्हणून. थिंफूत मिरची हीच भाजी. हिरव्या, लांब, उभ्या चिरलेल्या, वाडगाभर, आणि वर चीज. ते चीज आपल्या बाजूने आहे असं आधी वाटतं. आमच्या गटातल्या इचलकरंजीच्या एका गृहस्थांनी पहिल्या घासाला "जमतंय की" म्हटलं, दुसऱ्याला काही म्हटलं नाही आणि तिसऱ्याला वाढणाऱ्या मुलीकडे हात जोडून लाल भात मागितला. तिने हसून भात आणला, सोबत मिरचीची चटणी.

खरी पंचाईत मात्र हस्तकलेच्या दुकानात होते. भूतानमध्ये द्रुक्पा कुनले नावाचे एक अवलिया संत होऊन गेले. धर्म शिकवण्याची त्यांची रीत अशी की ती इथे छापता यायची नाही. त्यांच्या कृपेने तिथे पुरुषाच्या लिंगाचं चित्र घराच्या भिंतीवर काढतात. दृष्ट लागत नाही, अपत्यप्राप्ती होते अशी श्रद्धा. पुनाखाकडच्या गावांत भिंतीवर, आणि थिंफूच्या दुकानात लाकडाचं, रंगवलेलं, डोळे काढलेलं, खुंटीला टांगायच्या सोयीचं. किल्लीला अडकवायच्या छोट्या आवृत्त्याही मिळतात. दुकानदारीण साठीची, हातात जपमाळ. ती प्रत्येक नग वर उचलून, रंग पक्का असल्याची खात्री देत होती. आमच्या गटातल्या बायका शालींच्या कपाटाकडे वळल्या आणि तासभर शालीच बघत राहिल्या. एवढ्या शाली तिथे नव्हत्याही.

बरं, हे पाहून मन अस्वस्थ झालं तर टपाल कार्यालयात जावं. तिथे तुमचा फोटो काढून त्याचं खरंखुरं, पत्राला चालणारं तिकीट छापून देतात. 1970 च्या दशकात याच देशाने ग्रामोफोनवर वाजणारी टपाल तिकिटंही काढली होती, तेव्हा तुमच्या चेहऱ्याचं त्यांना काही विशेष नाही. मी स्वतःला घरच्या पत्त्यावर पाठवलं. पोचलो, तोंडावर शिक्का घेऊन.

आता बँकॉक. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. आत देव आणि असुर रांगेने वासुकी ओढताहेत, असं समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प. शहर 1782 साली वसवलं ते पहिल्या रामाने, आणि राजे अजून रामच म्हणवतात, सध्याचा दहावा. गजबजलेल्या चौकात मॉलच्या सावलीत चतुर्मुख ब्रह्मदेवाचं एरावन मंदिर, तिथे झेंडूच्या माळांचे ढीग. ब्रह्मदेवाला आपल्याकडे कोण विचारतो? बँकॉकमध्ये त्याला गर्दीत उभं राहून भेटावं लागतं.

राजवाड्यात आणि पाचूच्या बुद्धाच्या देवळात तर अर्धी चड्डी घालून आत सोडत नाहीत. बिनबाह्यांचा झगाही चालत नाही. ज्या शहराबद्दल लोक आवाज खाली आणून बोलतात, तिथे दारावरचा माणूस पाहुण्यांचे गुडघे तपासत असतो. भिंतींवर सगळं रामायण रंगवलेलं आहे, त्यांचं रामकियेन. मेहुणीला बजावून ठेवलं आहे की तिथे मातोश्रींना पुढे काढायचं. कारण तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही. रावणाच्या मत्स्यकन्येवर त्याचं प्रेम बसतं, मुलगाही होतो. मातोश्री दर शनिवारी मारुतीला तेल घालतात.

राजवाड्याच्या रस्त्यावर एक सुटाबुटातला गृहस्थ भेटेल. "आज राजवाडा बंद आहे," असं तो हळहळून सांगेल आणि रिक्षाही थांबवून देईल, तिथल्या भाषेत टुकटुक. रिक्षावाला स्वस्तात शहर दाखवतो म्हणतो आणि नेतो रत्नांच्या दुकानात, मग शिंप्याकडे. राजवाडा उघडाच असतो. साडू म्हणाले, "आपल्याला कोण फसवणार?" माझ्या डोळ्यांसमोर त्यांना शिवून मिळालेला जांभळा सूट आला.

वाट फो या देवळातला निद्रिस्त बुद्ध 46 मीटर लांब, 15 मीटर उंच. पण मला आवडतो तो त्याच्या पाठीमागचा आवाज. भिंतीशी काशाची 108 भांडी ओळीने मांडलेली. 20 बाट देऊन चिल्लर नाण्यांची वाटी घ्यायची आणि भांड्याभांड्यात एकेक टाकत जायचं. शंभरेक माणसं एकदम टाकत असतात, सबंध देवळात टणटण चालू. चिल्लर बरोबर 108 मिळेल याची हमी नाही. माझ्यापुढच्या बाईची संपली, तेव्हा तिने मागे वळून माझ्या वाटीतून निवांत तीन उचलली.

सेन सेप कालव्यातली बोट मात्र मातोश्रींसाठी नाही. ती धक्क्याला टेकते न टेकते तोच सुटते. कंडक्टर डोक्याला हेल्मेट घालून बाहेरच्या कडेवरून चालत तिकिटं फाडतो. समोरून दुसरी बोट आली की काठाला बसलेल्यांनी दोरी ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर घ्यायचा, नाहीतर कालव्याचं पाणी अंगावर. दोरी आपल्याच हातात आहे हे आपल्याला उशिरा कळतं, तोवर मागचा माणूस थाई भाषेत आपलं कौतुक करत असतो.

शेवटी साडूंनी फोन मातोश्रींकडे दिला. त्यांनी एकच विचारलं, "खायला काय?" बँकॉकात बिनमांसाच्या पदार्थातही माशाचा सॉस पडतो, हे खरं. पण पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेलं दुकान शोधायचं. तिथे मासे नाहीत, अंडं नाही, दूधही नाही, इतकंच काय, कांदा-लसूणसुद्धा नाही. चिनी वंशाच्या थाई लोकांचा नऊ दिवसांचा जे-उत्सव असतो, आणि तो बहुतेक वर्षी आपल्या नवरात्रातच येतो. तेव्हा रस्तोरस्ती पिवळ्या पताका लागतात.

मातोश्रींचं तिथेच ठरलं. थिंफूच्या मिरच्यांचं आणि रात्रीच्या 1,200 चं नावही निघालं नाही. यंदा घट मेहुणीच्या धाकट्या दिरांकडे बसतील. "आणि साबुदाणा?" साबुदाणा होतो त्या कंदाचं थायलंडमध्ये अमाप पीक येतं, तेव्हा मी छातीठोकपणे हो म्हटलं. मग आठवलं, आणि घाईघाईने सांगितलं की गाडीवर साबुदाण्याचे वाफवलेले गोळे दिसतील, पांढरे, छान, अगदी उपासाचे वाटतील, पण तोंडात टाकू नका, आत डुकराचं मांस असतं.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

"केळी मिळतात ना रे?" मातोश्रींनी विचारलं.