सोवळ्यातली मोटार

मॉडेलवाले काका ओळखायला सोपे. उजव्या तर्जनीवर वाळलेल्या सिमेंटचा पापुद्रा, नेहमीच्या चष्म्यावर चढवलेलं भिंग, आणि तुमच्या हातात मोटारीच्या किटचा खोका दिसला की लांबूनच पहिला प्रश्न : "इंजिन आहे का?" नाही म्हणालात, तर ते खोका हातात घेत नाहीत. 'स्नॅप किट आहे' म्हणालात, तर तुम्हालाही आत घेत नाहीत.

काका पुण्याचे, पन्नाशीतले. नोकरी पिंपरी-चिंचवडकडे, मोटारींच्याच धंद्यात. दिवसभर खऱ्या गाड्यांशी झटून घरी येतात आणि १:२४ प्रमाणातल्या प्लास्टिकच्या गाड्या जोडायला बसतात. म्हणजे चार मीटरची गाडी सोळा-सतरा सेंटिमीटरची. 'खेळणी' हा शब्द त्या घरात काढायचा नाही. एका पाहुण्यांनी काढला होता. त्यांना चहा मिळाला, बिस्किटं नाही मिळाली.

या छंदातलं सोवळं फार कडक. सगळ्यांत वर कोण, तर प्लास्टिकच्या कोऱ्या शीटमधून एकेक भाग स्वतः कापून गाडी घडवणारे. त्यांच्याखाली काका : किट विकतचं, पण जोडकाम आणि रंगकाम घरचं. त्यांच्याखाली बॉनेट न उघडणारी, इंजिन नसलेली किटं जोडणारे; त्यांना काका ओसरीपर्यंत येऊ देतात. त्यांच्याखाली स्नॅपवाले. यांचे भाग कारखान्यातूनच रंगीत येतात, खटकन एकमेकांत बसतात. सिमेंट नको, ब्रश नको. आणि अगदी तळाला धातूची तयार गाडी आणून थेट शोकेसमध्ये ठेवणारे. त्यांचा विषय निघाला की काका पाणी मागतात. आता कोरी शीट कापणारा माणूस काकांनाही स्नॅपवाल्यांच्याच पंगतीला बसवतो, पण हे काकांना कुणी सांगितलेलं नाही.

काकांचा मुद्दा अगदीच पोकळ आहे असं नाही. ते तामिया कंपनीची हिरव्या झाकणाची सिमेंटची बाटली उचलून दाखवतात. "हे चिकटवणं नव्हे रे, हे वेल्डिंग. दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळतं आणि एक होतं. खटकन बसलेलं खटकन निघतं!" खरं आहे. शिवाय स्नॅप किटमध्ये खुंट्या-खाचांना जागा द्यावी लागते, म्हणून नाजूक भाग जाड होतात आणि सस्पेन्शन बिचारं तळाच्या पत्र्यावर नक्षीसारखं उमटवलेलं असतं. पण सिमेंटशिवाय भाग घट्ट बसायचा तर साचा किती काटेकोर लागतो, हेही काकांना ठाऊक आहे. आयुष्य त्यांचं टॉलरन्समध्येच गेलं. ऑफिसात ते दाराची अस्तरं आणि बंपर प्लास्टिकच्या क्लिपांवर खटाखट बसतात की नाही ते तपासतात आणि बसले की सही करतात. खऱ्या गाडीला चालतं ते प्लास्टिकच्या गाडीला का चालत नाही, असं मी एकदा विचारलं. "ते उत्पादन आहे, ही कला आहे," असं म्हणून त्यांनी दिवा माझ्या डोळ्यांवर वळवला.

परंपरेचा दाखला मात्र त्यांनी जपून द्यावा. अमेरिकेत एएमटी कंपनीनं १९५८ साली मोटारींची किटं बाजारात आणली, ती मुळात मोटार विक्रेत्यांच्या दुकानांतल्या जाहिरातीच्या छोट्या गाड्यांवरून निघालेली. त्या पहिल्या किटांत इंजिन नव्हतंच. जपानी किटांचं म्हणाल, तर जुन्या कितीतरी गाड्यांत इंजिनाच्या नावानं शून्य, कारण आतली जागा विजेची छोटी मोटर आणि बॅटरीचे सेल यांनी अडवलेली. मुलांना गाडी पळवायची होती. म्हणजे ज्याला काका हल्लीचा भ्रष्टाचार म्हणतात, तो छंदाच्या बारशालाच हजर होता. हे ऐकून काका तामियाच्या पोर्शेची गोष्ट सांगतात. १९७६ च्या १:१२ प्रमाणातल्या पोर्शे ९३४ साठी शिझुओकाच्या त्या कंपनीनं अभ्यासाला खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी केली. "याला म्हणतात निष्ठा!" एवढं बोलून काका थांबतात. सुटी केलेली गाडी कंपनीला परत जोडता येईना आणि पोर्शेच्या माणसाला बोलवावं लागलं, हा उत्तरार्ध ते सांगत नाहीत.

आता त्यांच्या निष्ठेचं वेळापत्रक. पावसाळ्यात काकांचा चातुर्मास. हवेतल्या दमटपणानं लॅकरचा थर दुधाळ पडतो, म्हणून रंग वर्ज्य. दिवाळीत पाहुणे, म्हणून फवारणी वर्ज्य. उरलेल्या महिन्यांत प्रायमर, मग घासणं, मग रंग, मग घासणं, मग क्लिअर कोट, मग त्यावर बसलेला एक डास, मग पुन्हा घासणं. खऱ्या गाडीवरचा रंग साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. तो चोविसाव्या हिश्शानं घ्यायचा तर मिलिमीटरचे चार सहस्रांश भरतील. काकांनी घासून घासून उरवलेला थर उलट चोवीस पटींनी वाढवला, तर तो खऱ्या गाडीवर कित्येक मिलिमीटर चढेल. हा हिशेब मी त्यांच्यासमोर मांडलेला नाही. मला त्या घरी बिस्किटं मिळतात.

इंजिनाचं तर विचारूच नका. स्पार्क प्लगच्या तारा म्हणून तांब्याचे केसाएवढे धागे ओवण्यात त्यांचा एक हिवाळा गेला. एका प्लगची टोपी फरशीवर पडली तेव्हा सगळं घर मोबाइलचे टॉर्च लावून रांगत होतं. शेवटी इंजिन बसलं, तारा बसल्या, पण बॉनेट बसेना. मग काकांनी तारा जरा दाबल्या आणि बॉनेट चारी कडांनी सिमेंटनं कायमचं बंद केलं. आत इंजिन आहे, असं ते प्रत्येकाला सांगतात. आपण विश्वास ठेवायचा.

या सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं घोळ घातला. त्यानं आओशिमा कंपनीची १:३२ ची सुझुकी जिम्नी मागवली, तीही स्नॅपची. एका संध्याकाळी जोडली आणि कौतुकानं वर घेऊन आला. "काका, कशी झालीय?"

काकांनी भिंग चढवलं. "झाली? जेवणाआधी बसलास आणि झाली?"

"हो."

"दाराच्या रेघा फिक्या आहेत. टायरवर चमक आहे. इंजिन कुठाय?"

"काका, बॉनेट उघडतच नाही."

हे वाक्य काकांना जरा लागलं असावं. "ठेव इथं," म्हणाले, "बघतो."

गाडी चार दिवसांनी परत आली. दारांच्या रेघांत पातळ काळा रंग सोडलेला, टायरची चमक उतरवलेली, वायपर निगुतीनं रंगवलेले. पोरगं खूश. पण ते सवयीनं बॉडी उचलायला गेलं तर ती हलेना. सीट हलेना, चाक निघेना. सिमेंटची गरज नसलेल्या त्या गाडीचा एकूण एक सांधा काकांनी आतून सिमेंट लावून वितळवून पक्का केला होता.

"आता शुद्ध झाली," काका म्हणाले.

मला काळजी आहे ती पुढच्या काळाची. आता विजेच्या गाड्यांची किटं निघणार, आणि त्यांत खरोखरच इंजिन नसणार. काकांनी त्यावर तोडगा आधीच काढून ठेवलाय : ते फक्त १९९० पूर्वीच्या गाड्या जोडणार. कपाटात तशा खोक्यांची चळत छतापर्यंत आहे, आणि वेग आहे वर्षाला एक गाडी. काका दीर्घायुषी होवोत.

तुम्हाला मात्र हा छंद नव्यानं करून बघायचा असेल, तर खुशाल १:३२ चं स्नॅप किट घ्या. सोबत एक बरा निपर आणि बारीक कानस घ्या, कारण फ्रेममधून भाग हातानं पिळून काढले की डाग राहतो. संध्याकाळी बसा, रात्री शोकेसमध्ये ठेवा. आणि काका दाखवा म्हणाले तर दाखवा, पण गाडी त्यांच्याकडे रात्रभर ठेवू नका.