होकायंत्र, रेडिओ आणि आमचे साडू

मोबाइल विकत घेताना माणूस आपल्या सवयींचा विचार करत नाही, पुढे कोसळू शकणाऱ्या संकटांचा करतो. सकाळी व्हॉट्सॲपवर सुप्रभात आणि रात्री रील्स, एवढाच ज्याचा प्रपंच, तोही दुकानात खोदून विचारतो, "पाण्यात पडला तर चालेल ना?" जणू उद्याच फोनसकट विहिरीत उडी घ्यायची आहे.

आमचे साडू या पंथातले महंत. त्यांच्या फोनमध्ये होकायंत्र आहे. मेव्हणी नवा फ्लॅट बघायला गेली तेव्हा ते पहिल्यांदा म्यानाबाहेर आलं. आधी फोनने फर्मावलं, हवेत इंग्रजी आठचा आकडा काढा. साडूंनी तो हॉलच्या मधोमध इतक्या भक्तिभावाने काढला, की एजंटने आपसूक चपला काढल्या. मग मुख्य दाराशी पूर्व लागली. साडू खूश झाले, दोन पावलं सरकून लोखंडी सेफ्टी डोअरपाशी गेले, तर पूर्व गायब! ही होकायंत्रं पृथ्वीचं चुंबकत्व मोजतात खरी, पण लोखंड जवळ आलं की पृथ्वीला विसरतात. साडू घरभर फिरले, दिशाही फिरल्या. शेवटी एजंट म्हणाला, "साहेब, तुम्हाला कुठली दिशा पाहिजे ती सांगा, मी तिथे उभं करतो."

काही करामती तर निव्वळ चारचौघांत दाखवण्यासाठीच जन्माला येतात. २०१३च्या सॅमसंग गॅलेक्सी एस फोरमध्ये हवेचं तापमान आणि आर्द्रता मोजायची सोय होती. घामाघूम माणसाला दमट हवा आहे हे फोनने सांगायचं! त्याच फोनमध्ये पडद्यावरून नजर हटली की व्हिडिओ थांबायचा. आमच्या घरी बोलणाऱ्या माणसावरून नजर हटली, तर बोलणं थांबत नाही, आवाज चढतो.

एफएम रेडिओची मात्र मी थट्टा करणार नाही. त्याला ना इंटरनेट लागतं ना रिचार्ज. इअरफोनची वायर हीच त्याची एरियल. ती खोचल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. मग कंपन्यांनी फोन सडपातळ करायचं मनावर घेतलं, वायरचं भोकच बुजवलं आणि रेडिओ मुका झाला. काही फोनांत तर तो आत असूनही बंद करून ठेवलेला. पुरात, वादळात टॉवर आडवे झाले तर बातमी ऐकायची कशावर? २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारलाच कंपन्यांना सांगावं लागलं, की बाबांनो, असलेला रेडिओ बंद ठेवू नका. साडू जुनी वायर गळ्यात घालून विविध भारती ऐकतात तेव्हा पोरं हसतात. हसू देत.

संकटाच्या बटणाचंही तसंच. साध्या फोनवर पाच किंवा नऊ दाबून धरलं की मदतीसाठी कॉल जायला हवा, असा नियम १ जानेवारी २०१७पासून आपल्याकडे आहे. हे आज्यांना कुणी सांगितलेलंच नाही. आजीच्या लेखी पाच म्हणजे धाकटी लेक, नऊ म्हणजे नातू. संकटात तिला हवेही तेच असतात म्हणा.

पण साडूंचं खरं अस्त्र म्हणजे इन्फ्रारेड. फोनच्या वरच्या कडेला एक काळा ठिपका. त्यातून टीव्ही, एसी, सेटटॉप बॉक्स सगळं चालतं. परवा आमच्याकडे सगळे जमले असताना मालिकेतल्या सासूने टाहो फोडला आणि रिमोट नाहीसा झाला. सोफा उलटला, उशा झटकल्या, पोरांच्या दप्तरांची झडती झाली. साडू शांतपणे भजी खात होते. उजव्या हातात भजं, डाव्या हातात फोन. सासू एकदम गप्प!

"अगंबाई, लाइट गेली का?" माझ्या सासूबाई म्हणाल्या.

साडूंनी भजं संपवलं, पुन्हा बटण दाबलं आणि क्रिकेट लावलं.

आता नवीन फोन घ्यायचा म्हणतात, पण हा ठिपका त्यांना आवडलेल्या मॉडेलमध्ये नाही. जुना फोन मोडीत द्यायला मेव्हणीची तयारी आहे, आमच्या हिची नाही. रिमोट सापडेनासा झाला की ही बहिणीला फोन लावते, "भाऊजी मोकळे आहेत का गं? आणि आज भजी नाहीत म्हणावं, पोहे आहेत."