परवाना नको, भूतान हवे

प्रति,
माननीय परवाना अधिकारी,
फुंटशोलिंग, भूतान.

महोदय,

अर्जदार हा स्वतंत्र प्रवासी आहे. टूर कंपनीची टोपी घालून बसमध्ये बसणाऱ्यांतला तो नव्हे, हे त्याने न्यू जलपायगुडी ते सीमेवरचे जयगाव या वाटेवर सहप्रवाशांना पुरेशा वेळा ऐकवले आहे. भारतीयांना भूतानचा व्हिसा लागत नाही, एवढे वाचून तो निघाला. परमिट लागते, हे पुढच्या ओळीत होते. आपल्या खिडकीवर त्याने आधार कार्ड पुढे केले. सिमकार्डापासून स्मशानापर्यंत चालणारे हे कार्ड इथे चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच हवे, याचा तो निषेध नोंदवतो.

दुसरी तक्रार पैशांची. आपण भारतीयांकडून दरडोई, दर रात्री १२०० रुपये ‘शाश्वत विकास शुल्क’ घेता. पूर्वी असे नव्हते. पाश्चात्त्य पाहुणे दिवसाला २०० ते २५० डॉलरचे ठरीव पॅकेज घ्यायचे आणि अर्जदाराचे बांधव त्याच रस्त्याने, जयगावात घेतलेले फरसाण खात, फुकट जायचे. आपल्या संसदेने फेब्रुवारी २०२० मध्ये कायदा करून ही मौज संपवली. मग करोनाने दारच बंद झाले. २३ सप्टेंबर २०२२ला ते उघडले तेव्हा डॉलरवाल्यांसाठी शुल्क रात्रीला २०० होते. वर्षभरात ते १००वर आले. शाश्वततेवर निम्मी सूट मिळत असेल तर अर्जदारही घासाघीस करायला तयार आहे. त्याचे शिक्षण तुळशीबागेत झाले आहे.

हा कायदा करावासा का वाटला, हे कृपया अर्जदाराला विचारू नये. २०१९ मध्ये भूतानात तीन लाखांहून अधिक पाहुणे आले आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा भारतीयांचा होता. यजमान देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आत. त्याच वर्षी ऑक्टोबरात महाराष्ट्रातून गेलेला एक दुचाकीस्वार डोचुला खिंडीतल्या एका चोर्तेनवर, म्हणजे बौद्ध स्तूपावर, चढला आणि माथ्यावर उभे राहून त्याने फोटो काढून घेतला. फोटो सगळीकडे फिरला, चौकशी झाली, माफीनामा झाला. तिथले १०८ चोर्तेन २००३च्या कारवाईत मरण पावलेल्या भूतानी सैनिकांच्या स्मरणार्थ उभे आहेत. आणि ती कारवाई होती भूतानच्या जंगलात दडलेल्या आसामी बंडखोरांचे तळ उठवण्यासाठी. म्हणजे दुखणे निम्मे भारताचेच. पण फोटोच्या चौकटीत एवढे मावत नाही.

तिसरी तक्रार गाईडची. पारो आणि थिंपूच्या पुढे जायचे तर तो बरोबर हवा म्हणे. गाईड असताना अर्जदाराने रस्ता चुकायचा कसा, आणि रस्ता न चुकता प्रवासवर्णन लिहायचे कसे? डोंगरांचीही तीच कथा. ७५७० मीटरचे गांगखर पुएनसुम हे कोणीही सर न केलेले जगातले सर्वांत उंच शिखर. पण १९९४ पासून ६००० मीटरवरची शिखरे बंद, आणि २००३ पासून गिर्यारोहणच बंद, कारण वर देवांचा वास आहे अशी श्रद्धा. अर्जदाराच्या राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई. तिथे माथ्यावर साक्षात देवी असून वाटेवर लिंबू-सरबत मिळते. देवीने हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

‘आमच्या देशात असले काही नाही’ असे एक ठसकेबाज वाक्य इथे घालायचे होते. पण अरुणाचल प्रदेशात जायला भारतीयालाही इनर लाइन परमिट लागते, ज्याचे मूळ इंग्रजांच्या १८७३च्या नियमात आहे. लक्षद्वीपला परवाना लागतो. फार कशाला, साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या दिवसांत आगाऊ नोंदणी करावी लागते. सबब ते वाक्य खोडले आहे.

अर्जदाराला भूतान मनापासून आवडते. किमान साठ टक्के जमिनीवर कायम जंगल राहील असे आपल्या राज्यघटनेतच लिहिले आहे, थिंपूत ट्रॅफिक सिग्नल नाहीत. हे सारे त्याला जसेच्या तसे हवे. म्हणून विनंती अशी की, गर्दीला आळा घालणारे सर्व नियम कायम ठेवावेत आणि त्यांतून फक्त अर्जदाराला वगळावे. त्याच्या मागून येणाऱ्यांसाठी १२००चे २००० करायला त्याची हरकत नाही.

आपला,
(स्वतंत्र) प्रवासी

सोबत: मतदार ओळखपत्राची प्रत; पासपोर्ट आकाराचा फोटो (जमिनीवर उभे राहून काढलेला); हॉटेलचे आरक्षण, परमिट मिळताच रद्द करता येण्याजोगे.