यंदाही पानिपतच!

आमच्या पेठेत लष्करी इतिहासप्रेमींचे एक मंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, देवळामागच्या कार्यालयात, सायंकाळी सहाला त्यांची बैठक भरते. कोणी पोस्टातून निवृत्त, कोणी बँकेतून, कोणी विम्यातून. घरात ज्यांच्या हाती टीव्हीचा रिमोटही येत नाही, ती ही मंडळी इथे आली की चाळीस हजार घोडा यमुनेपार उतरवतात आणि चहा यायच्या आत परतही आणतात.

पाहुणा वक्ता हा या मंडळाचा दारूगोळा. त्याची प्रतवारी ठरलेली आहे. पहिली प्रत म्हणजे निवृत्त कर्नल. साहेबांना विषय कोणताही द्या, पाचव्या मिनिटाला ते स्वतःच्या पलटणीत पोचतात. मध्यंतरी एकांना ‘उदगीरची लढाई’ दिली होती. निजाम कोंडीत सापडायच्या आत साहेब तेजपूरच्या मेसमध्ये जेवायला बसले, ते उठलेच नाहीत. निजाम फेब्रुवारी १७६० मध्ये हरला होता, हे शेवटी आभार मानणाऱ्याने सांगितले, म्हणून बरे.

दुसरी प्रत मनकवड्यांची. पानिपतच्या लढाईच्या आदल्या रात्री सदाशिवरावभाऊंच्या मनात काय चालले होते, हे त्यांना तोंडपाठ असते. त्या रात्री भाऊंच्या खजिन्यात काय होते, एवढे विचारले की मात्र घसा कोरडा पडतो आणि पाण्याचा पेला शोधावा लागतो.

तिसरी प्रत माँटगोमरीवाल्यांची. अल अलामीनला रोमेलला हरवणाऱ्या या इंग्रज सेनापतीने १९६८ च्या आपल्या युद्धेतिहासात बाजीरावांची पालखेडची मोहीम वाखाणली आहे. खरी गोष्ट आहे, आनंदाची आहे. पण आमच्याकडे वक्त्याची योग्यता माँटगोमरी कितव्या मिनिटाला येतो यावरून ठरते, आणि तो आला की टाळ्या पडून विषय संपतो. निजामाच्या अवजड तोफा मागे का राहिल्या, त्याचे पाणी कसे तोडले, पालखेडला २५ फेब्रुवारी १७२८ रोजी जे घडले त्याच्याआधी ती घोडी किती महिने पळत होती, हे कोणी विचारत नाही. साहेबाने शिक्का मारला ना, मग झाले!

वर्षातला मोठा कार्यक्रम अर्थातच १४ जानेवारीचा, पानिपतच्या दिवसाचा. दारात तिळगूळ देतात, गोड बोला म्हणतात आणि आत सोडतात. आत मल्हारराव होळकरांच्या बाजूचे डावीकडे, विरुद्ध बाजूचे उजवीकडे. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांत कित्येक वर्षांचा अबोला आहे आणि त्याचे कारण १७६१ सालचे आहे. व्याख्यान कसेबसे उरकते, कारण सगळ्यांचे लक्ष प्रश्नोत्तरांकडे. ‘प्रश्न नाही, छोटेसे निवेदन आहे,’ असे म्हणून एक काका उठतात आणि वक्त्यापेक्षा जास्त वेळ बोलतात. मग जर-तरची फैर सुरू होते. यात्रेकरू आणि बुणगे मागे ठेवले असते तर? सूरजमल जाट टिकला असता तर? शुजा आपल्याकडे आला असता तर? साडेआठपर्यंत अब्दाली खैबरपार हाकलला जातो आणि मंडळी विजयी मुद्रेने चपला शोधू लागतात.

गेल्या खेपेला वक्ते म्हणाले, ‘ऐन संक्रांतीला मराठ्यांवर संक्रांत कोसळली.’ मागे उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या पोराने हात वर केला. संक्रांत दर सत्तरेक वर्षांनी एक दिवस पुढे सरकते, तेव्हा १७६१ मध्ये ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती, असे तो म्हणाला. हिशेब बरोबर होता. अध्यक्षांनी त्याला सभासदत्वाचा अर्ज दिला नाही.

एकदा मात्र खरा वक्ता आला होता. चुकून. अभिलेखागारातले एक गृहस्थ, सुती शर्ट, हातात जाडजूड वही. ते दोन तास दाणा-वैरणीवर बोलले. दिल्लीच्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून नाणी पाडावी लागली, इतकी पैशाची चणचण होती. नोव्हेंबरपासून छावणी पानिपतात अडकली, आणि डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदीची आशाच सरली. तलवारीला हात लागण्याआधी पोटाने लढाई कशी हरली, हे त्यांनी आकडे मांडून दाखवले. अर्ध्या तासात पुढच्या तीन रांगा मोकळ्या झाल्या. ‘विद्वान आहेत, पण वीररस नाही,’ असा अभिप्राय पडला. शाल-श्रीफळही हात आखडून दिले. म्हणजे शाल दिली नाही.

माझे म्हणणे एवढेच की या मंडळींचे प्रेम लढाईवर नाही, लांबच्या लढाईवर आहे. पानिपत दीड हजार किलोमीटरवर, त्यामुळे तिथे चुका दुसऱ्याच्या. पण ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई इथेच, गणेशखिंडीजवळ झाली. समोर इंग्रजांची फौज तीन हजारांच्या आत. आपली तिच्या कितीतरी पट. बापू गोखल्यांचे घोडदळ दौडत गेले आणि मधल्या दलदलीत फसले. जरीपटक्यापाशी मोर दीक्षित पडले. पेशवे पर्वतीवरून पाहत होते. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि ते चढवणारा हात बाळाजीपंत नातूंचा, म्हणजे आपल्यातलाच. यावर मंडळात अजून एकही व्याख्यान झालेले नाही. सुचवले तेव्हा सचिव म्हणाले, ‘अहो, त्यात जर-तरला वाव नाही.’ वाव भरपूर आहे. फक्त नावे ओळखीची निघतील, ही पंचाईत.

तेव्हा येत्या ५ नोव्हेंबरला आम्ही काहीजण सकाळी आठला शनिवारवाड्यापाशी जमून बसने गणेशखिंडीकडे जाणार आहोत. शाल नाही, श्रीफळ नाही, माँटगोमरी नाही. ज्यांना यायचे त्यांनी पाण्याची बाटली आणि तिकिटाचे सुटे पैसे आणावेत.