खाडेवाले बाबा

डोंबिवली असो, ठाणे असो की चिंचवड, कुठल्याही पाळणाघराच्या दारात महिन्याच्या पाच तारखेच्या आत हे गृहस्थ हमखास भेटतात. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या खांद्यावर पोराचं दप्तर आणि मोबाइलमध्ये स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या पानाचा फोटो. त्या पानावर दुधाचे खाडे निळ्या पेनाने, कामवाल्या मावशींचे हिरव्याने आणि पाळणाघराचे लाल पेनाने मांडलेले. सणाच्या तारखा मुळातच लाल छापलेल्या असतात, त्यामुळे तिथे पेनही फारसं लागत नाही.

"काकू, दिवाळीचे चार दिवस बंद होतं. रविवार मी धरला नाहीये हं," असं म्हणून ते सुरुवात करतात. रविवार न धरणं हे त्यांचं औदार्य.

पाळणाघर तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. अकरा पोरं, एक काकू, मदतीला एक मावशी. भिंतीवर बाराखडी, फ्रिजवर चिकटवलेली वर्षाच्या सुट्ट्यांची यादी. ती प्रवेशाच्या वेळीच दाखवलेली असते. बाबांनी तेव्हा ती शांतपणे वाचून मान डोलावलेली असते, कारण त्या क्षणी बायकोची रजा संपायला आठवडा उरलेला असतो आणि आणखी तीन पाळणाघरांनी "जागा नाही" म्हणून सांगितलेलं असतं.

खरी करामत भागाकारात आहे. महिन्याचे 6000 रुपये. खाडे कापायचे तर भागायचं 26 ने, कारण रविवारी पाळणाघर नसतंच. म्हणजे दिवसाला 230 रुपये 77 पैसे. पण पोराला महिन्याच्या मध्यावर घातलं, तेव्हा उरलेल्या दिवसांचे पैसे देताना याच बाबांनी 31 ने भागलं होतं. तेव्हा दिवस 193 रुपये 55 पैशांना पडत होता. एकाच पाळणाघराचा दिवस घेताना स्वस्त आणि परत करताना महाग, हे गणित भल्याभल्या अर्थतज्ज्ञांनाही जमलेलं नाही.

काकू म्हणतात, "अहो, पण मावशींचा दिवाळीचा पगार मी कापत नाही. जागेचं भाडंही चार दिवस कमी होत नाही."

"तो तुमचा अंतर्गत प्रश्न झाला," बाबा म्हणतात.

हे बाबा बँकेत आहेत, हे सांगायचं राहिलंच. 1 सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार त्यांना सुट्टी. शिवाय 1881 च्या एका कायद्याखाली जाहीर होणाऱ्या बँकेच्या सुट्ट्या वेगळ्याच. इंग्रजांच्या काळातल्या त्या कायद्याबद्दल त्यांना जेवढी आस्था आहे, तेवढी बाकी कुठल्याच जुन्या वास्तूबद्दल नाही. त्या दिवसांचा पगार कापू, असं वरून कुणी नुसतं सुचवलं तरी सगळ्यात आधी युनियनचा झेंडा यांच्याच हातात दिसेल. पण काकूंची लक्ष्मीपूजनाची सुट्टी म्हणजे सेवेतली त्रुटी.

पावसाळ्यात तर विचारू नका. रेड अलर्ट येतो, शाळांना सुट्टी जाहीर होते, काकूही पाळणाघर बंद ठेवतात. त्या दिवशी बाबा गॅलरीत उभे राहून आभाळाकडे बघत असतात. दुपारी लख्ख ऊन पडलं की यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. पाऊस आला नाही म्हणजे सुट्टी अवैध, खाडा पक्का!

कायदेही त्यांना पाठ असतात. 2017 च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाता आलं पाहिजे, हे सगळं ते घडाघडा सांगतात. सांगतात मात्र काकूंना. बायकोच्या कंपनीत चारशे माणसं आहेत, तिथे अर्ज करावा, असं त्यांच्या मनात येत नाही. तिथल्या लोकांशी उगाच वाईटपणा कशाला?

बंद दिवसांची त्यांची पर्यायी योजनाही पक्की आहे: सासूबाई. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा साताऱ्याहून सासूबाईंना बोलावणं हा यांच्या मते सर्वांत किफायतशीर मार्ग ठरला. पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना तर एसटी फुकटच. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीची इतकी आतुरतेने वाट पाहणारा दुसरा जावई महाराष्ट्रात नसेल. त्या येतात, पोर सांभाळतात, शिवाय जाताना चकल्यांचा डबा भरून ठेवतात. याची नोंद कालनिर्णयवर नाही.

तशी नोंद आणखी एका गोष्टीची नाही. पाळणाघर संध्याकाळी सातला बंद होतं. बाबा येतात साडेसातला, कधी पावणेआठला. गाडी लेट होती, मीटिंग लांबली. तोवर पोर काकूंच्या स्वयंपाकघरात बसून त्यांच्या घरचा वरणभात खात असतं. जादा वेळेचा विषय एकदा काकूंनी काढला, तर बाबा दुखावले. "काकू, आपल्यात काय हो पैशाचं? तुम्ही तर घरच्यासारख्या." साडेसातला घरोबा आणि पाच तारखेला व्यवहार, हे वेळापत्रक त्यांनी कसोशीने पाळलं आहे.

हिशेब झाला की ते कागद बायकोच्या हातात ठेवतात: 6000 वजा 923. "एवढेच पाठव." बायको "बरं" म्हणते आणि फोनवरून काकूंना पुरते सहा हजार पाठवते. दिवाळीत वर मावशींसाठी पाचशे. काकूही बाबांसमोर "यावेळी घेतले हो कापून" असं जरा खालच्या आवाजात म्हणतात. दोघींचं हे न ठरवता ठरलेलं आहे.

त्यामुळे बाबा सोसायटीच्या गेटवर इतर बापांना धडे देत असतात. "बोलावं लागतं. गप्प बसलात की गेले पैसे. मी दर महिन्याला कापून घेतो, विचारा काकूंना."

तिसऱ्या मजल्यावरच्या एका होतकरू बाबांनी खरंच विचारलं. कालनिर्णयचा फोटो घेऊन ते पाच तारखेला दारात उभे राहिले. "त्यांना देता तशी सवलत आम्हालाही द्या ना."

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "देते की. अगदी तशीच देते," त्या म्हणाल्या. "फक्त पैसे पाठवायला मिसेसना सांगा."