निळ्या पासपोर्टाचा थाट

डोव्हर बंदरात जमीन इंग्लंडची, रांग इंग्रजांची आणि खिडकीत बसलेला पोलीस मात्र फ्रान्सचा. २००३च्या करारामुळे तो पूर्वीपासूनच तिथं बसतो. पण तेव्हा पासपोर्टावर ओझरती नजर टाकून 'चला पुढं' म्हणायचा. जून २०१६मध्ये ५१.९ टक्के ब्रिटिश मतदारांनी युरोपीय संघ सोडायच्या बाजूनं, 'ताबा परत घ्या' या घोषणेवर शिक्का मारला. २०२१ उजाडलं आणि तो पोलीस प्रत्येक पासपोर्टावर शिक्का मारू लागला. जुलै २०२२मध्ये सुटीला निघालेल्या गाड्या तासन् तास तुंबल्या, तेव्हा खापर फुटलं फ्रेंच पोलिसांच्या अपुऱ्या संख्येवर.

ताबा मिळाला तो आपल्या दाराचा. समोरच्याच्या दारालाही कडी असते, हे ध्यानात आलं हुक ऑफ हॉलंडच्या धक्क्यावर. जानेवारी २०२१मध्ये तिथं ब्रिटनहून आलेल्या एका चालकाचे चांदीच्या कागदात गुंडाळलेले हॅम सँडविच डच अधिकाऱ्यांनी काढून घेतले. संघाबाहेरून मांस आणायला बंदी! मांस ठेवा, पाव तरी राहू द्या, अशी विनवणी त्यानं केली. पावही गेला. वर टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर 'ब्रेक्झिटमध्ये स्वागत' असा शेरा मिळाला, तोही दिलगिरीसकट.

मग गणित आलं. मागचे १८० दिवस मोजायचे, त्यात युरोपातला मुक्काम ९० दिवसांवर जाता कामा नये. आणि हे १८० दिवस रोज एकेक घर पुढं सरकतात. स्पेनच्या किनाऱ्यावर हौसेनं घर घेऊन हिवाळा तिथं काढणारे पेन्शनर आता दूधवाल्याचे खाडे मांडावेत तशा कॅलेंडरवर खुणा करतात. त्यात पासपोर्टाचं वय. २०१८पर्यंत जुन्या पासपोर्टाचे उरलेले महिने, नऊपर्यंत, ब्रिटन नव्यात जोडून द्यायचं. युरोप म्हणतो, दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं. छापील मुदत शिल्लक असूनही माणसं विमानतळावरून बॅगा घेऊन घरी परतली.

पासपोर्टाचा रंग मात्र २०२०मध्ये मरूनचा निळा झाला. ठेका फ्रेंच-डच कंपनीला, पुस्तिका तयार होतात पोलंडमध्ये. बरं, क्रोएशियाचा पासपोर्ट संघात राहूनही निळाच आहे.

१२ ऑक्टोबर २०२५पासून शिक्क्याची जागा बोटांचे ठसे आणि फोटो घेऊ लागले. संघाबाहेरच्यांसाठीचा हा नियम मंजूर झाला २०१७मध्ये, ब्रिटन अजून संघातच असताना.

यात गोवाही आहे. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. त्या पासपोर्टावर कित्येक गोंयकार इंग्लंडातल्या स्विंडनला स्थायिक झाले. आता असा एखादा गोंयकार आणि त्याचा इंग्रज शेजारी एकाच विमानानं लिस्बनला उतरले, की गोंयकार संघाच्या रांगेतून भुर्रकन बाहेर. सामानाच्या पट्ट्यावरून तो शेजाऱ्याचीही बॅग उतरवून ठेवतो. शेजारी अजून आतच आहे. चष्मा काढून, उजव्या हाताची चार बोटं काचेवर टेकवून कॅमेऱ्याकडे बघतोय.